चालकाविना गाडी कोल्हापुरात आली तर? आधी काय हवं, यावर बोलूया

पंचगंगा_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या कास्टिंगचं काम करतो. पुढच्या गाडीत काय असणार आणि काय नसणार यावर आमच्या फौंड्रीचं पोट आहे, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत असतो. आपल्याकडं यावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "इथं हे जन्मात जमायचं नाही." दुसरा म्हणतो, "एकदा आलं की अपघात संपले." मला दोन्ही पटत नाहीत.

अमेरिकेत फिनिक्सच्या उपनगरांत 2020 पासून वेमो कंपनीच्या गाड्या पुढच्या सीटवर कुणीही नसताना सर्वसामान्य प्रवासी नेतायत. नंतर सॅन फ्रान्सिस्को आलं, लॉस एंजेलिस आलं. चीनमध्ये वुहानला बायडू कंपनीच्या शेकडो गाड्या अशाच धावतात. यंत्राला गाडी चालवता येते की नाही, हा वाद आता जुना झाला. कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या सोयीसाठी आणि बिघडलं तर कुणाच्या जिवावर, एवढंच विचारायचं राहिलंय.

नितीन गडकरींनी 2017 मध्ये आणि परत डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात सांगितलं की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या देशात येऊ देणार नाही. रोजगाराची काळजी अगदी खरी आहे. पण तिथंच विषय मिटवला तर दुसरी एक गोष्ट बोलायची राहून जाते. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातली जवळपास 45 टक्के दुचाकीवरची आणि साधारण पाचातला एक पायी चालणारा. ही गाडी बनते आत बसलेल्याच्या आरामासाठी, आणि आपल्याकडं मरतोय तो बहुतेक वेळा गाडीच्या बाहेरचा.

म्हणून माझं म्हणणं असं: चालकाला सीटवरून उठवायची घाई नको. त्याच यंत्राचे डोळे, म्हणजे कॅमेरे, आधी केएमटीच्या (महापालिकेच्या) बसच्या, शाळेच्या बसच्या, ट्रकच्या चालकाच्या मदतीला द्या. तुम्हाला काय वाटतं? गाडी चालवून पोट भरणाऱ्यांनी तर नक्की लिहावं.

संगणक_दृष्टी

मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या हैदराबादला. कॅमेऱ्यातून रस्ता ओळखणारे प्रोग्राम लिहिणं हेच माझं काम. त्यामुळं जरा लांबण लागेल.

गाडीला तीन कामं करावी लागतात. समोर काय आहे ते ओळखायचं, ते पुढच्या काही सेकंदांत कुठं जाईल याचा अंदाज बांधायचा, आणि त्याप्रमाणं आपली वाट ठरवायची. पहिलं काम बऱ्यापैकी सुटलंय. यंत्राला शिकवायला वापरलेली आधीची चित्रं युरोपातली होती. 2016 चा सिटीस्केप्स नावाचा संच बहुतेक जर्मन शहरांचा, आखीव लेन आणि फुटपाथवर चालणारी माणसं. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या तंत्रशिक्षण संस्थेनं 2018 मध्ये हैदराबाद आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवरची सुमारे 10,000 चित्रं एकेक वस्तू रंगवून खुली केली. 34 प्रकार आहेत त्यात. रिक्षा वेगळी, जनावर वेगळं, आणि मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे आपली साइडपट्टी: रस्ता नव्हे, पण वेळ पडली तर चाक घालता येईल अशी जमीन. युरोपातल्या संचाला त्याची गरजच पडली नव्हती.

अडतं ते दुसऱ्या कामापाशी. मार्च 2018 मध्ये अमेरिकेत टेम्पी इथं उबरच्या चाचणीच्या गाडीनं रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं, त्या गेल्या. तपासात निघालं की धडकेच्या पाच-सहा सेकंद आधीच त्या गाडीला दिसल्या होत्या. पण यंत्र त्यांना कधी अनोळखी वस्तू ठरवत होतं, कधी वाहन, कधी सायकल, आणि दर वेळी अंदाज नव्यानं बांधत होतं. झेब्रा पट्टा नसलेल्या ठिकाणी माणूस रस्ता ओलांडेल, हे त्या प्रोग्रामात धरलेलंच नव्हतं.

आता शुक्रवारी संध्याकाळी अंबाबाईच्या देवळाजवळ महाद्वार रोडला उभं राहून बघा. पट्टा कुठाय आणि माणसं कुठून येतायत? गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला ग्लास घेऊन थांबलेली माणसं, कडेला म्हशी, त्यातून रिव्हर्स येणारी रिक्षा. केएमटीचा चालक तिथं काय करतो ते मी लहानपणापासून बघतोय. डावीकडं कंडक्टरची शिट्टी, उजवीकडं खिडकीतून बाहेर काढलेला आडवा पंजा. तो पंजा बघून दुचाकीवाला थबकतो, चालक मान हलवतो, बस पुढं सरकते. दोन माणसांत बोलणं झालं ते. यंत्राला तो पंजा दिसेल, पण त्याच्याकडं परत करायला पंजा नाही.

दिवाळी पाडव्याला मोटारसायकलच्या मागं पळणारी सजवलेली म्हैस घ्या. पेठेतल्या पोराला कळतं की ती मालकाच्या गाडीमागंच जाणार, इकडं वळायची नाही. हे शिकवायला हजारो तासांचं इथलंच चित्रण लागेल. ते जमणारं आहे. भोपाळच्या स्वायत्त रोबोट्ससारख्या आपल्या कंपन्या अशाच गर्दीच्या रस्त्यांवर प्रयोग करतायत. म्हणून "जन्मात जमायचं नाही" हे मला मान्य नाही. वेळ लागेल, इतकंच.

वडाप_कागल

दादा, बोलावलंसा म्हणून लिवतोय. कागल-कोल्हापूर वडाप, म्हंजे शेअर गाडी, मारतोय. गाडीवर कर्ज हाय, घरात खाणारी सहा तोंडं.

गाडी चालवणं हे आमच्या कामातलं अर्धंच हाय. म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन हात करती, स्टॉप असू दे नसू दे, थांबाय लागतं. पाटी वर घ्यायची, तिला हात द्यायचा, उतरताना सुट्टे नसले तर "उद्या दे मावशी" म्हणायचं. शाळंची पोरं, सीपीआरच्या सरकारी दवाखान्याला निघालेला पेशंट, कुणाला कुठं उतरवायचं हे तोंडपाठ. हे यंत्र करणार हाय का?

आणि रोजगार जाईल म्हणतासा तवा एक ध्यानात घ्या. ड्रायव्हरचा एकट्याचा जात न्हाई. पंक्चरवाला, स्टँडवरचा चहावाला, वॉशिंगवाला, समदे त्यावरच हायत.

तुमचं डोळं देऊ म्हणणं मात्र पटतंय. उचगावच्या पुलाजवळ रात्री बिनलाइटची ट्रॉली समोर आली की काळजाचं पाणी होतं. तिथं कुणी आधी सांगितलं तर नको कशाला म्हणू?

ऊसपट्टा

वडाप दादा, ती ट्रॉली आमचीच. हंगामात आम्ही कसबा बावड्याच्या कारखान्याला ऊस घालतो, म्हणून ट्रॅक्टरवाल्याची बाजू सांगतो.

एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीची लाइटची वायर फडातून निघतानाच तुटते, कारण वाढं आणि पाचट त्यात अडकतं. ऊस बाजूनं हात-दीड हात बाहेर आलेला असतो. मागून येणाऱ्याला ट्रॉलीचा सांगाडा दिसतो, बाहेर आलेली उसाची टोकं दिसत नाहीत. दुचाकीवाल्याच्या तोंडाच्या उंचीला असतात ती. माणसाला दिसत नाहीत, तर यंत्राला दिसतील का?

संगणक_दृष्टी

चांगला प्रश्न आहे, काका. कॅमेऱ्याला अंधारात माणसाइतकंच अवघड. लेसरवर चालणारा लायडार असेल तर अंधाराचा प्रश्न नाही, तो स्वतःच उजेड टाकून अंतर मोजतो. पण बारीक, विरळ, टोकदार वस्तूवर त्याचे मोजकेच ठिपके पडतात, आणि प्रोग्राम ते धूळ म्हणून टाकून देण्याची शक्यता असते. आणि लायडार महाग, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असणारच नाही. तुमच्या ट्रॉलीला मागं आणि बाजूला चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी लावली तर माणूस, कॅमेरा, लायडार, सगळ्यांनाच ती लांबून दिसते. वायरही लागत नाही, तुटायचा प्रश्न नाही.

ऊसपट्टा

पट्टी आमच्याकडं हंगामाच्या सुरुवातीला लावतात. दोन खेपांत चिखलानं भरते आणि मग कुणी पुसत नाही. कारखान्याच्या गेटवर वजन करतानाच पट्टी पुसलेली बघून आत सोडलं तर सगळे पुसतील. काट्यावर नंबर लागायचा म्हटल्यावर माणूस काय पण करतो.

अंधुक_नजर

मी बराच वेळ वाचत होते, लिहू की नको असं चाललं होतं.

मला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. अंधार पडला की दिसत नाही, दिवसासुद्धा समोरचं थोडंच. मला गाडीचं लायसन्स कधीच मिळणार नाही. राजारामपुरीत नोकरी करते, घरी जायला सात वाजतात. रोज कुणालातरी फोन करून "येशील का न्यायला" विचारावं लागतं. घरचे येतात, कुरकुर करत नाहीत. पण विचारावं लागतं.

इथं सगळे चालकाविषयी बोलतायत, ते योग्यच आहे. पण ज्यांना कधीच चालक होता येणार नाही अशी माणसं शहरात कमी नाहीत. आंधळी माणसं, हात थरथरणारे म्हातारे, फिट येणारे. माझ्यासाठी ही गाडी म्हणजे चैन नाही. वडाप दादा, तुम्ही म्हातारीला हात देता, देव तुमचं भलं करो. पण मला कधीतरी कुणाच्या भलेपणावर न विसंबता घरी पोचायचंय.

वडाप_कागल

ताई, तुमचं वाचून गप झालो. बरोबर हाय तुमचं. ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाई.

केएमटी_प्रवासी

अंधुक_नजर ताई, चालकाविना गाडी येईल तेव्हा येईल. बसमध्ये पुढचा स्टॉप आवाजात सांगणं, हे तर आजही होऊ शकतं ना? जीपीएस आणि एक स्पीकर लागतो. मी गेली अनेक वर्षं बसनं फिरते, मला डोळ्यांनी दिसतं तरी पावसाळ्यात काचा धुक्यानं भरल्या की स्टॉप कळत नाही.

दुसरं म्हणजे फुटपाथ. बसमधून उतरल्यावर लगेच दुचाक्या लावलेल्या, पुढं फेरीवाले, मग उघडं गटार, मग लोकांना गाडीच्या वाटेतच चालावं लागतं. टेम्पीच्या त्या यंत्राला पट्ट्याबाहेरचा माणूस नको होता म्हणता, आपण तर माणसाला पट्ट्याच्या आत चालायला जागाच ठेवलेली नाही. परदेशी कंपनी इथं आली की पहिली मागणी करेल, "लोकांना रस्त्यावर येऊ देऊ नका." मग कुंपणं लागतील, दंड लागतील. रस्ता गाडीला सोयीचा करायला पायी चालणाऱ्यांना हाकलणं, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

वकील_शाहूपुरी

कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात सगळी जबाबदारी "चालक" आणि "मालक" या दोघांभोवती बांधलेली. कलम 3 नुसार लायसन्सशिवाय कुणी गाडी चालवायची नाही, कलम 146 नुसार त्रयस्थाचा विमा सक्तीचा. चालकच नसेल तर निष्काळजीपणा कुणाचा, हा पहिलाच प्रश्न अनुत्तरित राहतो. 2019 च्या दुरुस्तीत कलम 2ब आलं. संशोधन आणि नव्या प्रयोगांसाठी काही वाहनांना कायद्यातून सूट द्यायचा अधिकार केंद्राला त्यानं दिला. म्हणजे प्रयोगाचं दार किलकिलं आहे. अपघात झाल्यावर काय, हे मात्र त्यात नाही.

ब्रिटननं 2024 मध्ये स्वतंत्र कायदा केला. गाडी स्वतः चालत असताना झालेल्या चुकीला आत बसलेला माणूस जबाबदार नाही. ज्या कंपनीनं परवानगी घेतली ती जबाबदार. हे साधं तत्त्व आपल्याकडं आधी लिहून घ्यायला हवं.

आणि पुरावा. ऑक्टोबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईंना दुसऱ्या गाडीनं धडक दिली, त्या उडून क्रूझ कंपनीच्या चालकाविना गाडीपुढं पडल्या. गाडी थांबली, आणि मग कडेला लागायचं म्हणून परत निघाली. बाई खाली अडकल्या होत्या, साधारण 20 फूट फरफटल्या. तिथल्या परिवहन खात्यानं त्याच महिन्यात परवाना थांबवला. पुढं कंपनीनं खोटा अहवाल दिल्याचं मान्य केलं आणि 5 लाख डॉलर दंड भरला. डिसेंबर 2024 मध्ये मालक कंपनी जनरल मोटर्सनं तो धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिकडं सरकारी यंत्रणा मागं लागली म्हणून फरफटल्याचं चित्रण बाहेर आलं. आपल्याकडं अपघात दावा न्यायाधिकरणात विधवा बाई कागदांची पिशवी घेऊन येते, तिनं परदेशातल्या सर्व्हरवरचं चित्रण कसं मागवायचं? अपघाताच्या दोन तास आधीपासूनचा गाडीचा सगळा डेटा इथल्या पोलिसांच्या ताब्यात आपोआप यावा, ही अट परवान्यातच हवी. नंतर मागून काही मिळत नाही.

टोलच्या लढ्यात या शहरानं करारातली कलमं चौकाचौकात वाचली होती. याही बाबतीत करार सही व्हायच्या आधी वाचायला मिळाला पाहिजे.

पेठेतला_पोरगा

सिग्नल बंद पडल्यावर काय करणार ही गाडी?

संगणक_दृष्टी

थांबते. डिसेंबर 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठा वीजपुरवठा गेला, सिग्नल विझले, आणि वेमोच्या बऱ्याच गाड्या चौकातच उभ्या राहिल्या. सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. गोंधळात थांबणं हे यंत्राच्या दृष्टीनं सुरक्षित असतं, पण मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या दृष्टीनं नाही. दाभोळकर कॉर्नरला अशा तीन गाड्या थांबल्या तर स्टँडपासून सगळं तुंबेल.

पावसाळ्याचंही बोलायला हवं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, शहराचा संपर्क तुटला. या गाड्या बारीक तपशिलांच्या नकाशावर चालतात. कालचा रस्ता आज नदी झालाय हे नकाशाला कोण सांगणार? आपल्या बंधाऱ्यांच्या पातळीची आणि बंद रस्त्यांची माहिती मिनिटामिनिटाला यंत्राला वाचता येईल अशी प्रसिद्ध झाली पाहिजे. ते आत्ता केलं तर यंत्राआधी माणसांनाच उपयोगी पडेल.

पंचगंगा_काठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. इतकं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आता मला जे सुचतंय ते लिहितो.

जिथं रस्ता बंदिस्त आहे तिथं चालक नसला तरी चालतं, हे आधीच सिद्ध झालंय. चिलीतल्या गॅब्रिएला मिस्त्राल तांब्याच्या खाणीत 2008 पासून अजस्र डंपर चालकाविना चालतायत. दिल्ली मेट्रोची मजेंटा लाइन डिसेंबर 2020 पासून चालकाविना धावते. दोन्हीकडं मधे कुणी येत नाही. महाद्वार रोड बंदिस्त करता येणार नाही आणि करूही नये. केएमटी_प्रवासी ताईंची भीती मला म्हणूनच खरी वाटते. कुणाला प्रयोग करायचाच असेल तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आतल्या रुंद रस्त्यांवर, माल हलवण्यासाठी, ठरलेल्या वाटेवर करावा.

शहरासाठी मात्र एक नमुना आपल्याच राज्यात आहे. नागपुरात 2021 मध्ये आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल, केंद्राची रस्ते संशोधन संस्था असे सगळे त्यात. महापालिकेच्या बसना पुढं कॅमेरा लावला. समोर माणूस किंवा दुचाकी फार जवळ आली की चालकाला आवाजानं इशारा मिळतो. चालक जागेवरच, ब्रेक त्याच्याच पायात. आणि मला यातला जास्त मोलाचा भाग वेगळाच वाटतो: प्रत्येक इशारा कुठं वाजला याची नोंद होते. एकाच ठिकाणी परत परत इशारे वाजत असतील तर तिथं अजून कुणी मेलं नसलं तरी उद्या मरणार आहे, हे आधी कळतं. अशा जागांना ते ग्रे स्पॉट म्हणतात. आपण मात्र माणसं गेल्यावर त्या जागेला ब्लॅक स्पॉट ठरवतो आणि मग फलक लावतो.

युरोपात जुलै 2022 पासून नव्या मॉडेलच्या बस आणि ट्रकना कडेनं येणारा सायकलवाला, पुढ्यात आलेला पादचारी दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. तंत्र चालकाविना गाडीतल्यासारखंच, पण माणसाच्या मदतीला लावलेलं. वडाप दादांना सीटवरून न उठवता.

अंधुक_नजर ताई, आधी काय हवं याची मी यादी करतोय, तुमच्या म्हणण्यानं तिच्यातला क्रम बदलला. स्टॉपची आवाजातली घोषणा मी वर घेतलीय. आणि तुमच्यासारख्यांसाठी ही गाडी यावी, ही मागणी मी खोडणार नाही. उशिरा येईल, पण ती आली तर रात्री सात वाजता राजारामपुरीतून तुम्हाला नेण्यासाठी आधी यावी, मॉलला जाणाऱ्यासाठी नंतर.

संगणक_दृष्टी

पंचगंगा_काठ, एका बाबतीत माझा विरोध नोंदवतो. फक्त मदतनीस यंत्रणेवर थांबलो तर इथल्या रस्त्यांचं चित्रण आणि ज्ञान बाहेरच्याच कंपन्या गोळा करतील, कारण त्यांच्या गाड्यांतले कॅमेरे आजही फिरतायत. दहा वर्षांनी तेच आपल्याला तयार गाडी विकतील, त्यांच्या अटींवर. शिवाजी विद्यापीठ आणि इथली इंजिनिअरिंग कॉलेजं यांनी केएमटीच्या बसवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण, चेहरे आणि नंबरप्लेट पुसून, खुलं ठेवायला हवं. कोल्हापूरच्या पोरांनी कोल्हापूरचा रस्ता शिकवलेला प्रोग्राम मला हवाय.

पंचगंगा_काठ (धागाकर्ता)

हे मान्य. यादीत घातलं. मालकी महापालिकेची, वापर सगळ्यांना खुला.

वकील_शाहूपुरी

चित्रण खुलं करण्याआधी 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघावा लागेल. मसुदा मी तयार करून देतो.

वडाप_कागल

दादा, ते बसला लावलेलं यंत्र आमच्या जुन्या गाडीला बसतंय का? आणि केवढ्याला? कर्ज काढून न्हाई जमायचं, सांगून ठेवतो.

पंचगंगा_काठ (धागाकर्ता)

कॅमेरा काचेला आतून लावायचा असतो, त्यामुळं जुन्या गाडीला बसायला अडचण नसावी. किमतीचं विचारून इथंच लिहितो. केएमटीच्या कार्यशाळेत ओळखीचे आहेत, त्यांच्याशी बोलून दोन-तीन बसवर प्रयोगाची परवानगी मागणारं पत्र तयार करू. वकीलसाहेबांनी भाषा बघावी. ऊसपट्टा काका, येत्या हंगामात ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे, बाहेर आलेल्या टोकांचे फोटो रात्री काढून पाठवाल का? पट्टीविना आणि पट्टीसह, दोन्ही. आणि वजनकाट्यावर पट्टी तपासायची तुमची सूचना कारखान्याला द्यायची ती तुमच्याच सहीनं जाऊ दे.

ऊसपट्टा

पाठवतो. सह्या पण गोळा करतो, आमच्या गटात चाळीसभर ट्रॅक्टरवाले आहेत.